एक स्पंज, चाळीस गाल

डिसेंबर उजाडला की हातकणंगले तालुक्यातल्या शाळांत अभ्यास मागे पडतो आणि गॅदरिंगच्या तालमी सुरू होतात. कुंभोज असो, हुपरी असो की पेठ वडगाव, ड्रेपरीवाल्याकडे मावळ्यांचे अंगरखे आणि वाघाचे झगे आधीच सांगून ठेवलेले असतात. चेहऱ्याच्या रंगाचे मात्र कुणी ठरवत नाही. तो त्या दिवशी सकाळी आठवतो. मग कुणाची आई कुंकवाची डबी देते, कुणी काजळ आणते, चित्रकलेचे सर कपाटातून पोस्टर कलरच्या बाटल्या काढतात आणि सातवीच्या वर्गाचा रंगपट होतो. मुले बाकांवर रांगेने बसतात. पुढे एक वाटी पाणी, एक स्पंज, दोन ब्रश. पहिल्या मुलाच्या वेळी पाणी स्वच्छ असते. विसाव्याच्या वेळी ते करडे होते, आणि त्यात वीस जणांचा घाम, शेंबूड, लाळ उतरलेली असते. अजून वीस जण बाकी असतात.

मुलांचे चेहरे रंगवताना दोन ठिकाणी घोटाळा होतो. एक तर रंगच त्वचेसाठी बनवलेला नसतो. नाहीतर रंग चांगला असतो, पण हात, स्पंज आणि पाणी एका मुलाचा संसर्ग पुढच्या मुलापर्यंत नेतात. पहिल्याबद्दल पालक थोडीफार चौकशी करतात. दुसऱ्याबद्दल सहसा कुणी विचारत नाही.

२००९ साली अमेरिकेत मुलांच्या चेहऱ्यावर लावायचे काही रंग बाजारातून परत घ्यावे लागले. एका कार्यक्रमात ते लावल्यावर मुलांना पुरळ उठले, खाज सुटली, जळजळ झाली, रंग लावलेली जागा सुजली. तिथल्या औषध प्रशासनाने नमुने तपासले, तेव्हा काही रंगांत जंतूंचे प्रमाण फार मोठे आढळले. रंग खास चेहऱ्यासाठीच विकले जात होते. ओल्या रंगात जंतू आणि बुरशी वाढायला फार काही लागत नाही. ओलावा, थोडी ऊब आणि वेळ एवढे पुरते. शाळेच्या रंगपटात हे तिन्ही हजर असतात.

आधी रंगाचे पाहू, कारण आपल्या तालुक्यात रंगांना तोटा नाही. देवाचा रंग आहे, कापडाचा आहे, भिंतीचा आहे, वहीचा आहे. चेहऱ्याचा तेवढा घरात नसतो, म्हणून बाकीच्यांतला एक उचलला जातो.

मारुतीचा वेश घ्यायचा म्हटले की पहिला हात शेंदराकडे जातो. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड. मूर्तीला तो चालतो, कारण मूर्ती ओठ चाटत नाही. अखंड त्वचेतून शिसे फारसे आत जात नाही. ते जाते तोंडावाटे. मारुती झालेला मुलगा स्टेजवरून उतरल्यावर रंगल्या हातानेच वडापाव खातो, ओठांवरून जीभ फिरवतो, तोंड पुसतो आणि बोटे चोखतो. मुलांच्या वाढत्या मेंदूला शिशाचे कुठलेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही. २०१७ साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी सिंदूराच्या ११८ नमुन्यांची तपासणी प्रसिद्ध केली. न्यू जर्सीत घेतलेल्या ८३ टक्के आणि भारतात घेतलेल्या ७८ टक्के नमुन्यांत दर ग्रॅममागे किमान एक मायक्रोग्रॅम शिसे होते. भारतीय नियमांत सौंदर्यप्रसाधनांच्या रंगासाठी शिशाची मर्यादा दर दहा लाख भागांत २० भाग, म्हणजे ग्रॅममागे २० मायक्रोग्रॅम आहे. काही नमुने या मर्यादेच्याही कित्येक पट वर होते. डबी पाहून किंवा वास घेऊन कुठली कशी हे ओळखता येत नाही. मारुतीसाठी केशरी फेस पेंट घ्यावा आणि शेंदूर देवळातच राहू द्यावा.

भंडाऱ्याचे थोडे वेगळे. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत भंडाऱ्याची जी उधळण होते, तिच्यात सापडलेले मूल नखशिखांत पिवळे होऊन घरी येते. शुद्ध हळद त्वचेला सहसा त्रास देत नाही, डोळ्यांत गेली तर झोंबते एवढेच. पण पिवळी दिसणारी प्रत्येक पूड हळद नसते. हळदीत मेटॅनिल यलो हा कृत्रिम रंग किंवा लेड क्रोमेट मिसळले जाण्याचे प्रकार भारतात आणि बांगलादेशात वारंवार उघडकीला आले आहेत, आणि लेड क्रोमेट म्हणजे पुन्हा शिसेच. यात्रेला जाऊ नये असे कोणी म्हणणार नाही. घरी आल्यावर मुलाचे तोंड, हात आणि नखे जेवणाआधी धुवावीत, कपडे झटकून वेगळे ठेवावेत. वाघाचा चेहरा पिवळा करायला मात्र उरलेला भंडारा वापरू नये.

इचलकरंजीच्या आसपास आणखी एक मोह असतो. घरातले कुणी कापडाच्या प्रोसेसमध्ये कामाला असते आणि कापडाचा रंग चिमूटभर सहज मिळतो. तो झळझळीत असतो, धुतला तरी जात नाही, आणि नेमका हाच त्याचा दोष आहे. सुती कापडाचे रिअॅक्टिव्ह रंग धाग्याशी रासायनिक बंध करण्यासाठी बनवलेले असतात. त्यांची कोरडी भुकटी हाताळणाऱ्या कामगारांना दमा आणि त्वचेची ॲलर्जी होऊ शकते, हे वैद्यकशास्त्राला बऱ्याच काळापासून ठाऊक आहे. मुंबईत २०१२ च्या मार्चमध्ये होळी खेळल्यानंतर धारावीतल्या शंभराहून अधिक जणांना, त्यांतही बहुतेक मुलांना, विषबाधा होऊन रुग्णालयात न्यावे लागले. एक मुलगा दगावला. खेळात औद्योगिक रंग आल्याचा संशय तेव्हा व्यक्त झाला होता. कारखान्याचा रंग कारखान्याबाहेर आणूच नये, रंगपंचमीलाही नाही.

पोस्टर कलर, ॲक्रिलिक, फॅब्रिक कलर, स्केचपेन यांच्या बाटलीवर 'नॉन-टॉक्सिक' लिहिलेले असते आणि तिथे बरेच शिक्षक निर्धास्त होतात. कागदावर नेहमीसारखे चित्र काढताना त्रास होणार नाही, एवढाच त्या शब्दाचा आवाका आहे. तीन तास गालावर वाळलेला ॲक्रिलिक त्वचेला ताणून धरतो आणि काढताना तिचा वरचा थर सोलून नेतो. त्यातली, रंग टिकवण्यासाठी घातलेली रसायने कागदाला काही करत नाहीत. मुलाच्या पापणीला करतात.

काळ्या रंगाबद्दल जरा थांबून सांगायला हवे. मावळ्याची मिशी उठावदार दिसावी म्हणून केसांचा डाय लावला जातो, हाताच्या नक्षीसाठी 'पाच मिनिटांत काळी' मेंदी आणली जाते. खरी मेंदी काळी नसते. तिचा रंग नारिंगी चढतो आणि मग तपकिरी होतो. काळा रंग येतो तो बहुधा पॅराफेनिलीनडायअमिन या रसायनामुळे. हे रसायन असलेल्या डायच्या पाकिटावर सावधगिरीची सूचना छापणे भारतात बंधनकारक आहे: आधी त्वचेवर चाचणी घ्या, भुवया आणि पापण्यांना लावू नका, अंधत्व येऊ शकते. अक्षर बारीक असते, कोणी वाचत नाही. या रसायनाची ॲलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर सुटत नाही. दहाव्या वर्षी ओठांवर फोड आलेल्या मुलाचे डोके तिशीत केस रंगवल्यावर सुजू शकते.

उरलेल्यांची बोळवण थोडक्यात करता येईल. कृष्णाला निळा करण्यासाठी कपड्यांची नीळ नको. हुपरीच्या मुलाला चांदीचा पुतळा व्हायची हौस वाटली तर नवल नाही, पण हार्डवेअरच्या दुकानातला चंदेरी रंग लोखंडी गेटसाठी असतो आणि तो थिनरशिवाय निघत नाही. गुलाल कोल्हापूरकरांच्या अंगवळणी पडलेला आहे हे मान्य, तरी त्यात पाणी घालून तो गालावर थापायची गरज नाही. सोंगी भजनातली जुनी माणसे सफेदा, पिवडी, हिंगूळ, काजळ लावून रात्र रात्र उभी राहिली आणि म्हातारी झाली, असे हमखास ऐकायला मिळते. हिंगूळ हे पाऱ्याचे संयुग आहे, आणि सफेदा जस्ताचा आहे की शिशाचा हे नावावरून कळत नाही. त्या माणसांना काय काय झाले याची नोंद कुणी ठेवली नाही. शिवाय ती मोठी माणसे होती.

मग घ्यायचे काय? पाण्यात विरघळणारे, वडीच्या रूपातले फेस पेंट. नाटकवाल्यांचा पॅनकेकही चालतो. पांढरा, काळा, लाल, पिवळा, निळा एवढ्या पाच वड्यांत बाकीचे सगळे रंग जमवता येतात, आणि एका वडीत पुष्कळ गाल निघतात. तेव्हा प्रत्येक पालकाने स्वस्तातले वेगवेगळे आणण्यापेक्षा शाळेने एक चांगला संच घेणे परवडते. पाकिटावर चार गोष्टी पाहाव्यात: उत्पादकाचे नाव-पत्ता आणि परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, कधीपर्यंत वापरावे ती तारीख, आणि घटकांची यादी. परदेशी माल असेल तर आयात करणाऱ्याचे नाव आणि नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक. सौंदर्यप्रसाधनांच्या २०२० च्या नियमांनुसार ही माहिती हवीच. यात्रेत किंवा रस्त्याकडेला मिळणाऱ्या, नुसता जोकरचा फोटो छापलेल्या पट्टीवर यांतले काहीच नसते. तिथे भाव करत बसू नये, पुढे जावे.

एक गोष्ट रंगापेक्षाही स्वस्त आहे, ती म्हणजे कमी रंग लावणे. मावळ्याला कपाळावर चंद्रकोर आणि ब्रशने काढलेली मिशी पुरते. त्याचा अख्खा चेहरा पावडरीने गोरा करायचा हट्ट कशासाठी? सह्याद्रीच्या उन्हातला मावळा गोरा कसा असेल? वाघाला नाकावर काळा ठिपका, गालांवर तीन-तीन रेघा आणि कपाळावर दोन पट्टे काढले की शेवटच्या रांगेतल्या आजोबांनाही वाघ दिसतो. त्वचेवर जेवढे कमी, तेवढी खाज कमी, धुण्याचा त्रास कमी आणि रांगही लवकर सरते.

आता रांगेचे. कार्यक्रमाच्या दोन-तीन दिवस आधी ज्यांना रंग लावायचा त्यांच्या कोपराच्या आतल्या बाजूला रंगाचा रुपयाएवढा ठिपका लावावा. काही तासांनी तो धुवावा आणि दोन दिवस त्या जागेवर लक्ष ठेवावे. ॲलर्जीची प्रतिक्रिया बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उमटते, म्हणून त्याच दिवशी सकाळी घेतलेल्या चाचणीला फारसा अर्थ नसतो. त्याच वेळी पालकांना चिठ्ठी पाठवावी: मुलाला इसब, दमा, कशाची ॲलर्जी आहे का, आधी कधी मेंदीने किंवा क्रीमने पुरळ आले होते का. उत्तर 'हो' आले तर त्या मुलाला रंगाऐवजी टोपी किंवा पुठ्ठ्याचा मुखवटा द्यावा. तीन वर्षांच्या आतल्या बाळांचा चेहरा व्यावसायिक रंगभूषाकारही सहसा रंगवत नाहीत. अंगणवाडीतल्या बाळकृष्णाला मोरपीस आणि बासरी शोभते तेवढी पुरे.

रंगवायला बसण्याआधी प्रत्येक चेहरा उजेडात नीट पाहावा. नाकाखाली मधासारखी पिवळी खपली दिसली तर ती इंपेटिगो असण्याची शक्यता असते आणि ती नुसत्या स्पर्शाने पसरते. ओठांच्या कडेला पाण्याच्या फोडांचा पुंजका, गालावर गोल नायटा, लाल चिकट डोळे, ताजी जखम, जोराची सर्दी, यांतले काहीही असले तर ब्रश त्या चेहऱ्याला लावू नये. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे येण्याची साथ पसरली होती. तशा दिवसांत डोळ्यांभोवती रंगवायचा कार्यक्रमच रद्द करावा. मुलाला सगळ्यांसमोर 'तुला काय झालंय ते' असे मात्र म्हणू नये. हातात मुखवटा द्यावा, म्हणजे विषय मिटतो.

साहित्याची शिस्त सोपी आहे, फक्त ती पहिल्या मुलापासून पाळावी लागते. फोमचा मोठा तुकडा आणून कात्रीने त्याचे छोटे तुकडे करावेत आणि प्रत्येक मुलाला नवा तुकडा वापरावा. वापरलेला वेगळ्या पिशवीत टाकावा, परत ताटात येता कामा नये. पाण्याच्या दोन वाट्या ठेवाव्यात: एकीत थोडा साबण घालून ब्रश धुवायचा, दुसरीत खळबळायचा. दोन्हींतले पाणी गढूळ होण्याची वाट न पाहता दर चार-पाच मुलांमागे बदलावे. लिपस्टिक थेट ओठांवर फिरवू नये. इअरबडने घेऊन लावावी आणि तो इअरबड फेकून द्यावा. रंगवणाऱ्याने दोन मुलांच्या मध्ये साबणाने हात धुवावेत किंवा सॅनिटायझर लावून पूर्ण वाळू द्यावेत. आणि ब्रशला टोक आणायला तो जिभेवर फिरवायची किंवा रंग वाळवायला तोंडावर फुंकर घालायची जी सवय असते, ती त्या दिवसापुरती तरी सोडावी. एकाने रंगवायचे, दुसऱ्याने पाणी-स्पंज सांभाळायचे अशी जोडी लावली की हे सगळे जमते. एकट्या बाईंवर चाळीस मुले टाकली की काहीच जमत नाही, आणि त्यात बाईंचा दोष नसतो.

डोळ्यांच्या जवळ हात आवरावा. पापण्यांच्या मुळाशी आणि आतल्या कडेला काही लावू नये, काजळसुद्धा नाही. चमकीचा मोह मोठा असतो. पण क्राफ्टच्या दुकानातली चमकी कडा असलेल्या कणांची असते. एखादा कण डोळ्यात गेला आणि मुलाने चोळले की बुबुळावर ओरखडा उठतो. चमकी लावायचीच तर चेहऱ्यासाठी बनवलेली, अगदी बारीक, आणि तीही गालाच्या खालच्या भागावर. निऑन रंगांना आणि अंधारात चमकणाऱ्या रंगांना अमेरिकी नियम डोळ्यांजवळ परवानगीच देत नाहीत. मिशी-दाढी चिकटवायचा स्पिरिट गम म्हणजे स्पिरिटात विरघळवलेली राळ असते. मोठ्यांनाही ती कधीकधी बाधते, तेव्हा लहानांची मिशी रंगवलेलीच बरी.

रंग लावण्यापेक्षा काढताना जास्त नुकसान होते. मूल दमलेले असते, आई घाईत असते, आणि कुणीतरी रॉकेलचा बोळा घेऊन येतो. रॉकेल, थिनर, स्पिरिट यांतले काहीही चेहऱ्याला लावू नये. पाण्याचे रंग कोमट पाणी आणि सौम्य साबणाने किंवा मुलांच्या शाम्पूने निघतात. तेलकट रंगांवर आधी खोबरेल तेल लावून पाच मिनिटे थांबावे, मऊ कापडाने टिपावे, मग धुवावे. एका दमात सगळे निघाले नाही तर थोडा लालसर डाग राहू द्यावा, तो उद्या जातो. घासून काढलेली त्वचा बरी व्हायला त्याहून वेळ लागतो. थंडीत त्वचा आधीच कोरडी असते, म्हणून धुतल्यावर साधे क्रीम लावावे. रंगासकट मात्र झोपवू नये.

पुरळ किंवा जळजळ सुरू झालीच तर रंग ताबडतोब धुवावा आणि गार पाण्याची पट्टी ठेवावी. डोळ्यात गेला असेल तर स्वच्छ वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे डोळा धुवावा. मेडिकलमधून सांगोवांगी 'खाजेचे मलम' आणू नये. त्यांतल्या अनेकांत तीव्र स्टेरॉइड असते आणि मुलांच्या चेहऱ्याची त्वचा त्याने पातळ होते. फोड आले, सूज वाढली किंवा दोन दिवसांत उतार पडला नाही तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. ओठ किंवा पापण्या एकदम सुजल्या, श्वासाला घरघर लागली, मूल निपचित पडू लागले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता १०८ ला फोन करावा. इचलकरंजीचे इंदिरा गांधी रुग्णालय किंवा कोल्हापूरचे सीपीआर रुग्णालय, जे जवळ पडेल तिथे मूल पोहोचवावे. जाताना रंगाचे पाकीट किंवा डबी बरोबर न्यावी, कारण काय लावले हे डॉक्टरांना तिच्यावरूनच कळते. तीच डबी पुढे अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करताना पुरावा ठरते, म्हणून रागाच्या भरात ती फेकून देऊ नये.

गॅदरिंग संपल्यावर संचाची आवराआवर त्याच दिवशी करावी. ब्रश साबणाने धुऊन आडवे ठेवून वाळवावेत. रंगाच्या वड्यांचा वरचा थर टिश्यूने टिपून घ्यावा आणि झाकणे दुसऱ्या दिवशी, वड्या पूर्ण कोरड्या झाल्यावरच लावावीत. डबा कोरड्या कपाटात ठेवावा, पत्र्याच्या खोलीत नको. पावसाळ्यानंतर तो उघडला आणि एखाद्या वडीवर बुरशीचा ठिपका किंवा आंबूस वास आला, तर तेवढाच भाग खरवडून बाकीची वापरायचा विचार करू नये. ती वडी टाकून नवी घ्यावी आणि तिच्या खर्चाची नोंद गॅदरिंगच्या पुढच्या अंदाजपत्रकात आत्ताच करून ठेवावी.